पॅच येईल

कॅफेचं रजिस्टर आम्हाला ठेवावंच लागतं. नाव, ओळखपत्र, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. यंदा मे महिन्यात जुनी रजिस्टरं आवरायला काढली. त्यांत एका मुलाच्या नावापुढे चार नोंदी सापडल्या, चारही एका हिवाळ्यातल्या. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, दहा ते साडेतीन, अशा लांबलचक वेळा. कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'डाउनलोड'. चारही दिवसांचे मिळून बावीस तास होत होते. तासाला २० रुपयांप्रमाणे मी त्याच्याकडून ४४० रुपये घेतले होते.

त्या चार ओळींवर मी बराच वेळ अडकलो. तेव्हापासून जे मनात चाललं आहे, ते लिहून काढतो आहे.

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या बाजूला माझं हे कॅफे आहे. २०१२ साली सुरू केलं तेव्हा आठ संगणक होते आणि कामं फॉर्म भरण्याची, झेरॉक्सची, रेल्वेच्या तिकिटांची. पोरं संध्याकाळी काउंटर-स्ट्राइक खेळायला यायची. पुढे फॉर्म मोबाइलवर भरले जाऊ लागले आणि कॅफे खेळांचंच होऊन बसलं. पोरं मला दादा म्हणतात. कोणतं ग्राफिक कार्ड घ्यावं, रॅम किती टाकावी, कोणता गेम विकत घेण्यालायक आहे, हे मला विचारतात आणि मगच खिशात हात घालतात. खिशातले पैसे कुणाच्या घरी कपाशीचे असतात, कुणाच्या घरी पुलगावच्या दारूगोळा डेपोतल्या पगाराचे, कुणी सुट्टीत स्वतः कमावलेले असतात. त्या विचारण्यात मोठा विश्वास असतो. तो मी जपला नाही.

रजिस्टरातला मुलगा देवळीकडच्या एका खेड्यातला. तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे एडिटिंग करून त्यानं पैसे साठवले होते. एक मोठा परदेशी खेळ दीड महिन्यानं येणार होता, किंमत ३,४९९ रुपये. 'दादा, आत्ताच घेऊ का आल्यावर घेऊ?' त्यानं विचारलं. मी म्हणालो, 'आत्ताच घेऊन टाक. आगाऊ घेतला तं एक जॅकेट अन् एक बंदूक एक्स्ट्रा भेटते.' तो खेळ मी खेळलेलो नव्हतो. जगात कुणीच खेळलेलं नव्हतं, कारण तो पूर्ण झालेलाच नव्हता. मी त्याची जाहिरात पाच-सहा वेळा पाहिली होती आणि तेवढ्या भांडवलावर सल्ला दिला. त्या आठवड्यात असे सात-आठ सल्ले दिले असतील. स्वतःसाठीही तोच खेळ घेतला.

खेळ आला. मुलानं तो हार्डडिस्कवर उतरवला आणि घरी नेला. दोन दिवसांनी परत आला. गाड्या रस्त्यात कमरेपर्यंत रुतत होत्या, माणसं बोलताना ओठ हलत नव्हते, आणि दर अर्ध्या तासानं सगळं बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत होतं. आधी त्याला वाटलं, आपलाच संगणक कमी पडतो. दोन रात्री तो सेटिंग बदलत बसला. ते तास खेळल्याचे म्हणून मोजले गेले आणि पैसे परत मागण्याची मुदत उलटली. संगणकावरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथं २०१५ पासून नियम आहे की चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. नियम चांगला आहे. बहुतेक दुकानांत आता असंच काहीतरी असतं. पण आजच्या मोठ्या खेळात पहिले दोन तास तोंडओळखीतच जातात, आणि जो मुलगा दोष आधी स्वतःत शोधतो, त्याचे तर दुरुस्तीत जातात. हा नियम मला माहीत होता. पहिल्याच दिवशी मी त्याला तो सांगायला हवा होता. मी सांगितलं काय, तर 'पॅच येईल रे, थांब.'

पॅच, म्हणजे खेळाच्या दुरुस्तीची फाइल, आला, आणि आला तो ४० जीबीचा. मुलाच्या गावात घरापर्यंत तारेचं इंटरनेट नव्हतं. मोबाइलचा डेटा पॅक दिवसाला दीड जीबीचा. सगळा डेटा त्या एका कामाला लावला, अभ्यासाचा एकही व्हिडिओ पाहिला नाही, तरी सत्तावीस दिवस लागले असते. म्हणून तो हार्डडिस्क पिशवीत घालून एसटीनं वर्ध्याला आला. त्या हिवाळ्यात चार पॅच आले, त्याच्या चार खेपा झाल्या. अर्धवट माल कुणीतरी दूर देशात विकला होता, पण त्याच्या अर्धवटपणातून वर्ध्यात बसून मी तासाला २० रुपये कमावत होतो.

'नंतर दुरुस्त करू' या बोलीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. घेणाऱ्याच्या घरी वेगवान इंटरनेट आहे, वीज आहे, डिस्कवर जागा आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला पॅच म्हणजे रात्री झोपताना लावून ठेवायची गोष्ट वाटते. देवळी, आष्टी, समुद्रपूरच्या खेड्यांतल्या मुलाला ती एक खेप पडते. अर्धवट खेळाची खरी किंमत छापील किमतीवर कळत नाही. जो जितका दूर राहतो, त्याला तो तितका महाग पडतो. हे मला त्या हिवाळ्यातच दिसायला हवं होतं. रोज समोर बसलेलं होतं.

खेळ अर्धवट का येतात, हे मी पुढे बरंच वाचलं. सुरुवातीला वाचण्यामागे हेतू एकच होता, दोष दुसऱ्याच्या पदरात घालण्याचा. तसा तो घालता येतोही. मोठा खेळ शेकडो माणसं चार-पाच वर्षं करतात. पैसा लावणाऱ्याला तारीख हवी असते. तारीख ठरते ती नाताळच्या खरेदीवर किंवा आर्थिक वर्षाच्या शेवटावर, म्हणजे खेळ किती तयार आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. जाहिरातींची जागा आधीच घेऊन ठेवलेली असते. तारीख महिनाभर पुढे ढकलायची तर शेकडो लोकांचे महिन्याचे पगार आले. त्यात खेळाचे तुकडे, म्हणजे चित्रं, आवाज, गोष्ट, शत्रूंची हालचाल, शेवटच्या काही महिन्यांत एकत्र येतात आणि खरे बिघाड तेव्हाच वर येतात. तपासणारी माणसं हजारो बिघाडांची यादी देतात. त्यातले काही दुरुस्त होतात, बाकीचे 'नंतर' या रकान्यात जातात. खेळ तयार नाही हे त्या खोलीतल्या जवळजवळ सगळ्यांना ठाऊक असतं. तारीख मात्र त्यांच्या हातात नसते.

पूर्वी 'नंतर' हा रकानाच नव्हता. आम्ही शाळेत असताना टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, त्यांची पिवळी-काळी कॅसेट फुंकर मारून खोचायची. कॅसेटमध्ये जे भरलं ते कायमचं. पण म्हणून तो काळ सोवळा होता, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत अटारी कंपनीनं १९८२ च्या नाताळसाठी 'ई.टी.' या सिनेमावरचा खेळ अवघ्या पाच आठवड्यांत करवून घेतला होता. तो इतका फसला की न विकलेल्या कॅसेट १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर कचऱ्यात पुरल्या, आणि २०१४ साली लोकांनी त्या खणून वर काढल्या. घाई तेव्हाही होती. फरक इतका की तेव्हा घाईचं नुकसान घाई करणाऱ्याच्या दारात येऊन पडलं. आता ते दुसरीकडे पडतं. कुठे पडतं, हे मला पोलंडमधल्या एका खेळाच्या हकिकतीतून कळलं.

'सायबरपंक २०७७' या खेळाची घोषणा २०१२ ची. तारीख तीनदा पुढे गेली आणि शेवटी १० डिसेंबर २०२० ला तो आला. त्याआधीच ८० लाख लोकांनी तो आगाऊ विकत घेतला होता. पुढे कंपनीनंच जाहीर केलं की या आगाऊ डिजिटल विक्रीतून येणं असलेली रक्कम खेळ घडवण्याचा सगळा खर्च आणि त्या वर्षीच्या जाहिरातीचा खर्च, दोन्हींपेक्षा जास्त होती. समीक्षकांना आधी खेळायला मिळाली ती फक्त चांगल्या संगणकावरची प्रत. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रांवर, तो कसा चालतो, हे विक्री सुरू होईपर्यंत बाहेर कुणाला दिसलं नाही. तिथं तो इतका मोडका होता की आठवड्याभरात सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. जुन्या कन्सोलसाठी अजून वेळ हवा, या इशाऱ्यांकडे आपण दुर्लक्ष केलं, अशी कबुली कंपनीच्या वरिष्ठांनी दिली. खेळ खऱ्या अर्थानं सावरला तो सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर, जवळपास तीन वर्षांनी.

हे वाचताना मी थांबलो ते खर्चाच्या वाक्यापाशी. ज्या दिवशी पहिल्या माणसानं खेळ उघडला, त्या दिवशी खर्च निघालेला होता. मग 'अजून सहा महिने थांबू' असं जो कुणी त्या इमारतीत म्हणत असेल, त्याच्या हातात काय उरलं? त्याचं म्हणणं खरं ठरवू शकेल असा एकच माणूस होता, खेळ पाहून मग पैसे देणारा. तो माणूस आधीच पैसे देऊन मोकळा झाला होता. नाव वेगळं, खेळ वेगळा, पण तसाच माणूस मी होतो. आणि माझ्यासारखे आणखी सात-आठ मी माझ्या कॅफेत तयार केले होते.

सेलू तालुक्यात आमची चार एकर शेती आहे. कपाशी, सोयाबीन, धुऱ्याकडे तुरीच्या ओळी. बाबा दरवर्षी मृग लागायच्या आधी एक काम करतात. सोयाबीनच्या पोत्यात वर-मध्ये-खाली हात घालून मूठमूठ दाणे काढतात, त्यातले शंभर न निवडता मोजतात आणि ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडतात. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाण्याचा हात फिरवायचा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडायचं आणि मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर पेरायला हरकत नाही. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी उगवले तर पोतं बाजूला. कृषी विभागही हेच सांगतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यातून तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा घरचं बियाणं तपासून पेरणारे बाबा निभावून गेले.

असंच एकदा ते अंगणात दाणे मांडत होते आणि मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आगाऊ पैसे भरत होतो.

'काय करून राहिला रे?'

'गेमचे पैसे भरून राहिलो, बाबा. येईन दीड महिन्यानं.'

'पाहिला का तू?'

'नाही. अजून बनूनच राहिला.'

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'मंग पैसे कायचे देल्ले?'

मी काहीतरी बोललो. जॅकेटचं सांगितलं असेल. त्यांना ते कळलं नाही, आणि खेडवळ माणसाला नव्या गोष्टी कळत नाहीत, असं मी मनात धरलं. हे लिहिताना मला लाज वाटते. त्या अंगणात व्यवहार कळणारे तेच एकटे होते. मी पैसे खेळाचे दिलेच नव्हते. इतरांच्या आधी आपल्या हातात यावा, पहिल्या रात्री मित्रांत मागे पडू नये, या भीतीचे दिले होते. खेळ आल्यावर एक महिन्यानं घेतला असता तर तो काही संपणार नव्हता. डिजिटल मालाचा कधी तुटवडा पडत नाही. सिनेमाच्या पहिल्या खेळाचं तिकीट संपतं, हिंगणघाटच्या बाजारात चांगल्या भावाचा दिवस निघून जातो, पण संगणकावरचा खेळ दहा वर्षांनीही तितक्याच प्रती देतो. तरी आगाऊ घ्यायची घाई कशाची होती? ती माझ्यात होती. दुकानानं ती ओळखली आणि तिला जॅकेट चढवलं.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. एका खेळाची तारीख पुढे गेली, तेव्हा मी तो घडवणाऱ्या चमूतल्या एका माणसाला समाजमाध्यमावर संदेश पाठवला. त्यानं फक्त बातमी दिली होती. निर्णय त्याचा असण्याची शक्यता नव्हती. मी इंग्रजीत लिहिलं, आणि त्याच्या आईवरून लिहिलं. असं करणारा मी एकटा नव्हतो. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये दीड-दोन महिने पुढे गेला तेव्हा त्याच्या कर्त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये 'सायबरपंक'ची तारीख हलली तेव्हा तिथल्या कामगारांनाही आल्या. पूर्वी हे वाचून मला आपण गर्दीत असल्याचा आधार वाटायचा. आता गर्दीत मी असल्याचं वाटतं. उशीर केला तर आम्ही शिव्या घालतो, अर्धवट आणला तरी घालतो. पण उशिराच्या वेळी हात आखडता घेतो, आणि अर्धवट आणला तेव्हा पैसे आधीच दिलेले असतात. घडवणाऱ्यानं यातून काय शिकावं? तो तेच शिकला.

स्तुतीतही मी खोटाच वागलो. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारच्या तोंडून 'फौजी' या भारतीय खेळाची घोषणा झाली. तो येण्याआधीच ४० लाखांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली, त्यात माझंही होतं. २६ जानेवारी २०२१ ला, झेंडावंदन करून आल्यावर, मी तो फोनमध्ये घेतला आणि उघडण्याच्या आधी पाच तारे देऊन टाकले. मला वाटलं, हे देशाला दिले. त्या दिवशी खेळात फक्त गोष्टीचा भाग होता. ज्याची सगळे वाट पाहत होते, ते एकमेकांशी खेळणं 'लवकरच' या पाटीखाली होतं आणि काही महिन्यांनी आलं. पाच ताऱ्यांमागून एक तारा देणाऱ्यांची लाट आली आणि गुण घसरले. तो बंगळूरचा लहान चमू होता. त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं : फोन कोणता, कुठल्या टप्प्यावर अडकतो, किती गरम होतो. पाचातून ते कळत नव्हतं आणि एकातूनही नाही. न पाहता केलेली स्तुती हीही दुर्लक्षाचीच एक तऱ्हा आहे, हे मला तेव्हा समजलं नाही.

आणि पुण्याचा खेळ. 'राजी' नावाचा, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं केलेला. पुराणकथांवर बेतलेला, लघुचित्रांसारखा रंगवलेला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. तरी ते थांबले नाहीत आणि २०२० मध्ये खेळ आला. जगभर चित्रांचं कौतुक झालं, आणि खेळ लहान आहे, शेवट अचानक येतो, अशी तक्रारही झाली. माझ्या कॅफेत तीच तक्रार मी पोरांना सांगितली. 'मस्त आहे, पण लवकर संपते.' मी तो खेळलो होतो एका हार्डडिस्कवरून आलेल्या क्रॅक प्रतीवर. एक पैसाही दिला नव्हता. परदेशातल्या न पाहिलेल्या, न झालेल्या खेळाला साडेतीन हजार आगाऊ, आणि आपल्याच राज्यातल्या, पाहिलेल्या, आवडलेल्या खेळाला शून्य. लहान चमूचा खेळ लहान का राहतो, हे मी पोरांना सांगत होतो आणि त्याचं एक कारण स्वतःच होतो.

आमच्या शाळेची सहल गोपुरीच्या गीताई मंदिरात जायची. छप्पर नाही, मूर्ती नाही, उभ्या केलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा आणि त्यांवर गीताईचे श्लोक. लहानपणी आम्ही शिळांमध्ये लपंडाव खेळायचो. गुरुजींनी सांगितलेलं एक मात्र मनात राहिलं. विनोबांनी १९३० च्या ऑक्टोबरात गीताई लिहायला घेतली आणि चार महिन्यांत, १९३१ च्या फेब्रुवारीत, संपवली. पण छापायला घाई केली नाही. आधी आश्रमातल्या लहान मुलींच्या वर्गाला ती शिकवली. त्यांना जिथं अडलं, तिथं शब्द बदलले. मग १९३२ मध्ये छापली. आता हे आठवतं तेव्हा वाटतं, हाही शंभर दाण्यांचाच प्रकार होता. ज्यांच्या हाती जायचं आहे, त्यांच्यातल्या सगळ्यांत लहानांपुढे आधी ठेवून पाहणं. आज त्या शिळांवर एक काना बदलता येत नाही, आणि बदलावा लागत नाही.

अर्धवट गोष्ट उघड अर्धवट म्हणून विकण्यात मला काही गैर दिसत नाही. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये 'अजून घडतो आहे' असं स्पष्ट सांगून विकायला ठेवला गेला. घेणाऱ्यांनी त्यातला पहिला भागच तीन वर्षं खेळून त्रुटी कळवल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ आला. तिथं पैसे देणारा जाणून देतो. पुण्यातल्याच सुपरगेमिंग कंपनीनं 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, त्याआधी निवडक खेळाडूंना देऊन चाचण्या घेतल्या. एक कोटीहून जास्त पूर्वनोंदण्या होत्या, आणि 'कधी येणार, कधी येणार' विचारणाऱ्यांत मीही होतो. चाचणीत नेमकं काय अडतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

एक गोष्ट मला अजूनही सलते. सावरलेल्या खेळांचं आम्ही किती कौतुक केलं! 'नो मॅन्स स्काय' वचनं न पाळता आला, मग वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देत उभा राहिला. त्या लोकांच्या चिकाटीला मी नमस्कार करतो. पण ती कथा मी कॅफेत इतक्या वेळा सांगितली की पहिल्याच दिवशी नीट आलेल्या खेळांची नावंही पोरांना आठवेनात. दुरुस्ती पराक्रम ठरली आणि तयारी कंटाळवाणी. 'पॅच येईल' हे वाक्य माझ्या तोंडी बसलं ते इथून.

सगळा दोष खेळणाऱ्यांचा, असं मी म्हणत नाही. तारीख ठरवणारे, इशारे दाबणारे, मोडका भाग समीक्षकांपासून लपवणारे यांचा दोष मोठा आहे, आणि तो त्यांनी फेडावा. पण त्यांचा दोष मोठा असल्यानं माझा लहान होत नाही. अनेक वर्षं मी तो त्यांच्या दोषाच्या आड ठेवला.

या दोन महिन्यांत काही गोष्टी केल्या. 'राजी' विकत घेतला. जिथं जिथं शिवी देऊन एक तारा ठेवला होता, तिथला मजकूर काढून संगणक कोणता, कुठल्या टप्प्याला काय होतं, एवढं लिहिलं. कॅफेत आगाऊ खरेदी करून देणं बंद केलं आणि पॅच उतरवून न्यायचे पैसे घेणंही बंद केलं. नवीन खेळ आला की आधी मी घेतो आणि पोरांसमोर पहिल्या संगणकावर आठवडाभर चालवतो. मग ते ठरवतात. पोरांना एवढंच सांगतो, पहिल्या दोन तासांत बिघडला तर सेटिंगशी झटत बसू नका, पैसे परत मागा, आणि मागताना काय बिघडलं ते नीट लिहा. ज्या माणसाला तो घाण संदेश पाठवला होता, त्याला माफीचं लिहायचं ठरवलं. त्याचं खातं आता बंद आहे. तो खेळांच्या धंद्यात अजून आहे की नाही, तेही शोधून सापडलं नाही.

मग रजिस्टरातल्या मुलाला फोन केला. तो आता नागपूरला नोकरीला आहे. पुढच्या शनिवारी वर्ध्याला आला तेव्हा कॅफेत डोकावला. मी त्याला नोंदी दाखवल्या आणि पैसे पुढे केले. तो गोंधळला. 'कायचे पैसे, दादा? तो गेम तं आता मस्त चालून राहिला.' मी सांगितलं, मी न पाहता तुला घ्यायला लावला होता. तो म्हणाला, 'मले तं तवा वाटे, तुमच्याच्यानं पॅच तरी भेटून राहिला. नाही तं गावात कुठं भेटला असता?' इतकी वर्षं तो माझे उपकार मानत होता. त्यानं पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, लहान भावासाठी जुना कीबोर्ड मागितला, आणि देवळीची गाडी लागायच्या वेळी निघून गेला.

३,९३९ रुपये गल्ल्यात वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. पाकिटावर त्याचं नाव लिहिलं आहे.